पार्किंगचं सिमेंट फोडायचं का?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना अडखळलो ते गाळलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज बाहेरचा पाहुणा नाही, मी एकटाच बोलणार आहे. आणि सुरुवात एका कबुलीने करतो.

मी सदरला राहतो. नागपूरचं सदर. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, इंग्रजांच्या काळात जी वस्ती नि बाजार वाढला तो हा भाग. अजूनही रस्त्याचं नाव रेसिडेन्सी रोड. मधे मंगळवारी बाजार, एका टोकाला गड्डीगोदाम, दुसरीकडे छावणी. जुने बंगले, मोठी आवारं, कडुनिंब, चिंच, वड. म्हणजे होती. आता बंगल्यांच्या जागी आमच्यासारख्या चार मजली इमारती आहेत. आमची सोसायटी नऊ फ्लॅटची. प्लॉट साधारण पन्नास बाय ऐंशी फूट. मागच्या भिंतीला एक कडुनिंब, जो इमारतीपेक्षा जुना आहे.

२०२१ साली सोसायटीची मीटिंग झाली. विषय: आवारात सिमेंट काँक्रीट टाकायचं का. पावसाळ्यात चिखल व्हायचा, गाड्यांचे स्टँड मातीत रुतायचे. मी तेव्हा वर्क फ्रॉम होम करत होतो, नवी गाडी घेतली होती, आणि हात वर करणाऱ्यांत मी पहिला होतो. कंत्राटदाराने भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंट टाकलं. कडुनिंबाच्या बुंध्याला अगदी चिकटून. काम चकाचक. ग्रुपवर फोटो टाकला, नऊ जणांचे अंगठे आले.

आता ते फोडायचं की नाही यावर रविवारी मीटिंग आहे, आणि तो विषय मीच मांडलाय. त्यामुळे लोक मला ग्रुपवर काय काय बोलून राहिले ते विचारू नका.

मधे काय झालं? २३ सप्टेंबर २०२३ झालं.

नागपूरकरांना ती तारीख सांगावी लागत नाही. बाकीच्यांसाठी: आदल्या दिवशी, शुक्रवारी, घरोघरी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. पुण्या-मुंबईकडे गौरी म्हणतात, आमच्याकडे महालक्ष्म्या. पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या, सगळं आटोपून लोक सुस्तावून झोपले होते. मध्यरात्रीनंतर विजा सुरू झाल्या. साध्या विजा नाही, खिडक्या थरथरत होत्या. काही तासांतच शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी तलाव सांडव्यावरून वाहू लागला आणि खालची नाग नदी दोन्ही काठ सोडून वस्तीत शिरली. अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, पुढे सीताबर्डी, मोरभवनचं बसस्थानक. लोक झोपेतून उठले ते पाण्यात पाय ठेवूनच. मूकबधिर मुलांच्या एका शाळेतून चाळीसेक मुलांना बोटीने बाहेर काढावं लागलं. लष्कराला बोलवावं लागलं. चार माणसं गेली. दहा हजारांच्या आसपास घरांचं नुकसान झालं.

आमच्याकडे सदरला तसं काही नाही झालं. पार्किंगमध्ये घोट्याच्या वर पाणी, तळमजल्यावरच्या मावशींच्या घरात उंबरा ओलांडून आत. त्यांचा फ्रिज गेला, दिवाणाखालच्या पेटीतल्या साड्या गेल्या. सकाळी मी खाली उतरलो तर त्या सुपडीने पाणी काढत होत्या. मला म्हणाल्या, "काऊन रे, आधी तर पाणी थांबत नव्हतं इथं." एवढंच. त्यांना माहीत नव्हतं की पहिला हात माझा होता. की माहीत होतं, कोण जाणे.

मग मी जे इंजिनियर लोक करतात ते केलं. कॅल्क्युलेटर काढला.

हे गणित सगळ्यांनी एकदा करून बघा, मजा येते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. आमचा प्लॉट चार हजार चौरस फूट, म्हणजे सुमारे ३७० चौरस मीटर. त्यावर शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे ३७ हजार लिटर. पाच हजार लिटरचे सात टँकर, आणि वर थोडं. एका रात्रीत, एका छोट्या प्लॉटवर. पूर्वी त्यातलं गच्चीचं पाणी पाइपातून मातीत पडायचं, मोकळ्या जागेवरचं तिथेच पडायचं, काही मुरायचं, काही डबक्यात थांबून हळूहळू निघायचं. आता सगळंच्या सगळं पाच मिनिटांत गेटबाहेर रस्त्यावर. रस्ताही सिमेंटचा. आणि बहुतेक ठिकाणी नवा सिमेंट रस्ता जुन्यावर चढवल्यामुळे घरांपेक्षा उंच. म्हणजे जे बाहेर पाठवलं तेच परत आत येतं, शेजाऱ्यांचं पाणी सोबत घेऊन.

जलविज्ञानवाले याला वाहून जाण्याचं गुणांक म्हणतात. सिमेंटवर पडलेल्या पावसाचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग वाहून जातो. झाडं-गवत असलेल्या सपाट जमिनीवर तो दहा ते तीस टक्के असतो. पावसाचं प्रमाण आपल्या हातात नाही, पण हा दुसरा आकडा आपण मीटिंगमध्ये हात वर करून ठरवतो.

आता तुम्ही म्हणाल, एक पार्किंग आणि अंबाझरीचा पूर, याचा काय संबंध? थेट नाही. आमचं पाणी नाग नदीच्या त्या भागात जातच नाही. पण शहर हे असल्याच पार्किंगांचं बनलेलं आहे.

थोडं नागपूरच्या रचनेबद्दल सांगतो, कारण ते शाळेत कोणी शिकवलं नाही. शहरातून तीन नद्या जातात: नाग, पिवळी आणि पोरा. नाग पश्चिमेकडच्या लाव्ह्याच्या टेकड्यांकडून येते, अंबाझरीत साठते, तिथून साधारण सतरा किलोमीटर शहराच्या पोटातून जाते आणि पुढे कन्हान नदीला मिळते. पिवळी गोरेवाड्याकडून निघते, मानकापूरवरून उत्तर नागपूर वळसा घालून जाते. पश्चिम उंच, पूर्व सखल. भोसल्यांच्या आणि नंतर इंग्रजांच्या काळात पश्चिमेच्या उतारावर तलाव बांधले गेले. फुटाळा १७९९ चा. अंबाझरी १८७० चा, शहराला पाणी देण्यासाठी. गोरेवाडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. तेव्हा 'क्लायमेट अॅडाप्टेशन' हा शब्द कोणाला ठाऊक नव्हता, पण काम तेच होतं. पावसाळ्याचं पाणी उतारावर अडवायचं, उन्हाळ्यात वापरायचं, आणि खालचं शहर कोरडं ठेवायचं.

गोरेवाडा आणि अंबाझरी यांची तुलना करायला मला आवडते. दोन्ही तलाव, दोन्ही पश्चिमेला. गोरेवाड्याच्या आजूबाजूला जंगल बऱ्यापैकी शिल्लक आहे. अंबाझरीला एका बाजूला जैवविविधता उद्यान आहे, ती चांगली गोष्ट. पण वरच्या अंगाला वाडी, एमआयडीसी, लेआऊट वाढत गेले आणि सांडव्याच्या खाली नदीचं पात्र आवळत गेलं. पात्रात आणि सांडव्यासमोर काय काय बांधलं गेलं यावर पुरानंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिका झाली. त्यातल्या खटल्याबद्दल मी बोलत नाही, पण तत्त्व सोपं आहे. बादली भरून वाहणारच. ती वाहील तिथे काय ठेवलंय हा प्रश्न.

पुरानंतर सरकारने कामं ठरवली: बांध बळकट करायचा, सांडव्याला दरवाजे, पात्र रुंद करायचं, बुटके पूल नव्याने बांधायचे. हे सगळं लागतंच. मी काही सिमेंटविरोधी संप्रदायाचा माणूस नाही. दीडशे वर्षांच्या मातीच्या धरणाला तुम्ही फक्त वेली लावून वाचवू शकत नाही. पण पात्र रुंद करणं म्हणजे दोन्ही बाजूंना उभ्या भिंती, असंच आपल्या डोक्यात बसलंय. भिंती घातल्या की पाणी वेगाने पुढे जातं, आणि पुढे गरीब वस्त्या असतात. आपण त्यांच्याकडे आपला पूर पाठवतो.

सिंगापूरचं एक उदाहरण आहे, यूट्यूबवर नक्की बघा, बिशान पार्क शोधा. तिथे कलांग नदी २.७ किलोमीटरच्या सरळ सिमेंटच्या गटारातून जायची, आपल्या नाग नदीसारखीच. २०१२ पर्यंत त्यांनी ते सिमेंट फोडलं आणि नदीला वळणं घेऊ दिली. तीच नदी आता ३.२ किलोमीटर लांबीची आहे. काठावर उतार, गवत, झाडं. कोरड्या दिवशी पोरं पाण्यात खेळतात. जोराचा पाऊस आला की इशारा होतो, लोक वर येतात, आणि नदी बागेत पसरते, शंभर मीटरपर्यंत. म्हणजे बाग हीच नदीची जास्तीची जागा. आपल्याकडे बाग एक खातं, नदी दुसरं खातं, रस्ता तिसरं.

आता लगेच कोणी म्हणेल, "भाऊ, सिंगापूर कुठे, नाग नदी कुठे." बरोबर आहे, पण कारण वेगळं आहे. सिंगापूरला मैला वेगळ्या पाइपातून जातो. आपल्या नाग नदीत बाराही महिने सांडपाणीच वाहतं. तिला वळणं देऊन पोरं पाण्यात सोडाल तर दवाखान्यात जातील. आधी सांडपाणी बाहेर काढावं लागेल. त्यासाठी केंद्राने मंजूर केलेली जवळपास १९०० कोटींची योजना आहे. ते झाल्याशिवाय काठावर दिवे आणि बाकं लावणं म्हणजे न आंघोळ करता अत्तर लावणं. आणि गंमत म्हणजे सांडपाणी झाडं-गवताच्या मदतीने साफ करायचं तंत्र आपल्याच शहरात तयार झालंय. वर्धा रोडजवळची 'नीरी', तिने 'फायटोरिड' नावाची पद्धत काढली. गिट्टीच्या थरातून पाणी हळू वाहू द्यायचं, त्यात कर्दळ, पाणकणीस अशी झाडं लावायची. मुळांवरचे जीवाणू घाण खातात. वीज जवळजवळ लागत नाही. अख्ख्या नदीला ते पुरणार नाही, जागा खूप लागते. पण एखाद्या कॉलनीच्या नाल्याला, एखाद्या कॅम्पसला अगदी पुरतं.

इथे एक कायद्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती ऐकून मी रात्रभर विचार करत होतो. पाणथळ जागांचे २०१७ चे केंद्राचे नियम आहेत. त्यात 'पाणथळ' म्हणजे काय याची व्याख्या आहे, आणि पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी वगैरे माणसाने बांधलेले जलाशय त्या व्याख्येतून वगळले आहेत. फुटाळ्यावर कारंजी आणि प्रेक्षक गॅलरी झाली तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं की फुटाळा माणसाने बांधलेला आहे, त्यामुळे त्या नियमांखालची पाणथळ जागा नाही. सोबत सर्वोच्च न्यायालयाने हेही म्हटलं की अशा मानवनिर्मित तलावांचंसुद्धा सरकार हे जनतेच्या वतीने विश्वस्त असतं. हे दुसरं वाक्य महत्त्वाचं, पण पहिल्याचा अर्थ बघा. नागपूरचे जवळजवळ सगळे तलाव बांधलेलेच आहेत! फुटाळा, अंबाझरी, गोरेवाडा, सोनेगाव, सक्करदरा, गांधीसागर. ज्या शहराचा निसर्गच अर्धा माणसाने बांधलेला आहे, तिथे 'नैसर्गिक' आणि 'मानवनिर्मित' ही रेघ कुठे मारायची? बगळ्याला काय माहीत तलाव कोणी खोदला.

त्यामुळे मला वाटतं तलावांचं रक्षण पाणथळ नियमांवर सोडून चालणार नाही. ते शहराच्या विकास आराखड्यातच यायला हवं. तलाव, त्याच्याकडे येणारे ओढे, आणि त्याच्यातून बाहेर जाणारी वाट, तिन्ही नकाशावर. महाराष्ट्रात नदीला पूररेषा असतात: निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. घर घेताना आपण कार्पेट एरिया विचारतो, मॉड्युलर किचन विचारतो. पूररेषा कोण विचारतं? मी तर विचारली नव्हती.

बरं, आता पाऊस बाजूला ठेवू. नागपूरचं खरं दुखणं ऊन.

मे २०१३ मध्ये इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. आणि मे २०२४ मधला तो दिवस आठवतो का, जेव्हा नागपूर ५६ अंश म्हणून सगळीकडे बातमी फिरली? माझ्या बंगळूरच्या मॅनेजरने मेसेज केला, "आर यू अलाइव्ह?" नंतर हवामान खात्याने सांगितलं की त्या स्वयंचलित केंद्राचा सेन्सर बिघडला होता. शहरातली बाकी केंद्रं ४४ च्या आसपास दाखवत होती. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला आउटलायर म्हणतो आणि डेटामधून काढून टाकतो. पण गोष्ट अशी की छप्पन्न खोटं निघालं म्हणून लोक हसले आणि चव्वेचाळीस विसरून गेले. चव्वेचाळीसमध्ये मंगळवारी बाजारात भाजी विकणारी बाई दिवसभर बसलेली असते.

आणि दिवसापेक्षा रात्र वाईट. सिमेंट, डांबर, विटा दिवसभर ऊन पितात आणि रात्री ओकतात. रात्री अकराला गच्चीच्या कठड्याला हात लावून बघा. माणसाचं शरीर रात्री गार होऊन दुसऱ्या दिवसासाठी तयार होतं, तेच होत नाही. व्हीएनआयटीच्या राजश्री कोठारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागपूरच्या वेगवेगळ्या वस्त्यांचं तापमान मोजून दाखवलंय की एकाच शहरात, एकाच रात्री, दाट बांधकामाचा भाग आणि मोकळा हिरवा भाग यांत स्पष्ट फरक पडतो. आपल्या फोनमधलं अॅप सगळ्या नागपूरला एकच आकडा दाखवतं, तो खरा नसतो.

अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेविरुद्धचा कृती आराखडा केला, तो देशातला पहिला. त्यानंतर लवकरच, २०१६ मध्ये, नागपूरने केला. इशारे, पाणपोया, दवाखान्यांत तयारी, उद्यानं दुपारी उघडी ठेवणं. चौकात सिग्नलवर हिरव्या जाळ्या बांधतात त्या तुम्ही पाहिल्या असतील. चांगलं आहे. पण जाळी सावली देते, गारवा देत नाही. फरक समजून घ्या.

नागपूरच्या पोराला हे समजवायला फार सोपं आहे, कारण प्रत्येकाच्या खिडकीत कूलर आहे. कूलर काय करतो? वाळ्याच्या नाहीतर लाकडाच्या भुशाच्या ताटीवर पाणी सोडतो, गरम कोरडी हवा त्यातून ओढतो, पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना उष्णता खाल्ली जाते. झाड हेच करतं. मुळांनी पाणी ओढतं, पानांतून वाफ सोडतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६७ युनिट वीज लागेल एवढी उष्णता लागते. एखादं मोठं, पाणी भरपूर मिळालेलं झाड दिवसाला शंभर लिटर सोडू शकतं. म्हणजे सदुसष्ट युनिट गारवा. रोज. बिल नाही.

पण इथे एक मेख आहे, आणि माझा आजचा सगळा मुद्दा त्या मेखेभोवती आहे. कूलरच्या टाकीतलं पाणी संपलं की काय होतं? पंखा चालू राहतो, पण गरम हवा येते. झाडाचंही तसंच. मातीत ओल नसेल तर पानं आपली छिद्रं मिटून घेतात. सावली राहते, गारवा कमी होतो. आमच्या कडुनिंबाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट आहे. त्याच्या टाकीत पाणी भरणारी एकच गोष्ट होती, जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा पाऊस. आणि ती आम्ही गेटबाहेर पाठवतो.

म्हणजे सप्टेंबरचा पूर आणि मेची लाही हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. एकच पाणी आहे. सप्टेंबरमध्ये ते नको तिथे असतं आणि मे महिन्यात हवं तिथे नसतं. नागपुरात वर्षाला अकराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्या चार हजार फुटांच्या प्लॉटवर वर्षाला चार लाख लिटर! आणि एप्रिलमध्ये आम्ही नऊ घरं वर्गणी काढून टँकर बोलावतो.

झाडाभोवती सिमेंट नको हे काही माझं संशोधन नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीच्या एका प्रकरणात सांगितलं होतं की झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा. आपल्या राज्याचा वृक्षसंरक्षणाचा कायदा १९७५ चा, त्यात २०२१ मध्ये बदल झाला. पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला 'हेरिटेज वृक्ष' म्हटलं आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची असं ठरलं. साठ वर्षांच्या कडुनिंबाबदल्यात साठ रोपं. कागदावर छान. पण साठ रोपं शहराबाहेर कुठेतरी लागतील. सावली मात्र आमच्या आवारातून जाईल. आणि ज्या झाडाला कोणी तोडत नाही, फक्त सिमेंटमध्ये गाडून हळूहळू गुदमरवतं, त्याचा हिशेब कुठल्या कलमात?

ठीक आहे. मग रविवारच्या मीटिंगमध्ये मी नेमकं काय मागतोय?

सगळं सिमेंट नको काढायला. गाड्या कुठे ठेवायच्या, मान्य आहे. मागच्या भिंतीला लागून चार फूट रुंद, पन्नास फूट लांब पट्टा फोडायचा. कडुनिंबाच्या मुळांजवळ हाताने आणि उथळ, बाकी ठिकाणी तीन फूट खोल खणायचं, खाली मोठी गिट्टी, वर बारीक, त्यावर माती आणि झुडपं. गच्चीचा पाइप तिकडे वळवायचा, आधी एका छोट्या गाळणीतून. गिट्टीमध्ये साधारण चाळीस टक्के पोकळी असते. म्हणजे त्या चरात एका वेळी सहा ते सात हजार लिटर पाणी मावतं.

आता प्रामाणिकपणे बोलू. सदतीस हजारांपैकी सहा-सात हजार. पाचव्या हिश्शापेक्षा कमी. २३ सप्टेंबरसारखी रात्र परत आली तर आमचा चर तासाभरात भरेल आणि बाकीचं पाणी गेटबाहेर जाईलच. मावशींचा फ्रिज वाचेल याची हमी मी देऊ शकत नाही. जो कोणी सांगतो की झाडं लावा, पूर येणार नाही, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण वर्षातले बहुतेक पाऊस शंभर मिलिमीटरचे नसतात, दहा-पंधराचे असतात. त्यातलं जवळजवळ सगळं पाणी आत राहील.

अजून एक अडचण, आणि ती आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त काकांनी काढली, ते सिव्हिलवाले आहेत. नागपूरच्या बऱ्याच भागात वर काळी माती आहे. ती ओली झाली की फुगते आणि मग तिच्यातून पाणी झिरपतच नाही. उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात. पायाजवळ असं पाणी सोडलं तर इमारतीला त्रास. त्यामुळे चर काळ्या मातीच्या खाली मुरमापर्यंत पोचला पाहिजे आणि इमारतीच्या पायापासून निदान दहा फूट लांब. मी इंटरनेटवर बघून दोन फूट खणायचं ठरवलं होतं. काका म्हणाले, "तू पाण्याला डबकं करून देऊन राहिला, रस्ता नाही." बरोबर होतं त्यांचं. शहराच्या पश्चिम अंगाला काळा बसाल्ट, पूर्वेला वेगळाच जुना खडक, त्यामुळे एकाच मापाचा खड्डा सगळ्या नागपूरला चालत नाही. आधी आपल्या जमिनीत एक छोटा खड्डा खणा, बादलीभर पाणी ओता, आणि घड्याळ लावून बघा किती वेळात मुरतं. यापेक्षा चांगलं अॅप नाही.

(खडकावरून आठवलं. नागपूरच्या या खडकांचा पहिला नीट अभ्यास करणारा माणूस म्हणजे स्टीफन हिस्लॉप, ज्याच्या नावाचं कॉलेज आहे. तो १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून रात्री घोड्यावरून परत येत होता आणि बोरीजवळ पूर आलेल्या ओढ्यात बुडाला. इथल्या जमिनीची सगळ्यात जास्त माहिती असलेल्या माणसाला इथल्या सप्टेंबरच्या ओढ्याने नेलं. असो, मूळ मुद्द्याकडे.)

खर्च. तोडफोड, गिट्टी, पाइप मिळून नऊ घरांत वाटला तर प्रत्येकी जेवढा येतो तो एका उन्हाळ्यातल्या टँकरच्या वर्गणीपेक्षा फार वेगळा नाही. विरोध खर्चाचा नाहीच आहे. एका घराची दुसरी कार त्या पट्ट्यात उभी राहते. दुसरं म्हणणं, झाडी आली की डास येतील. हा मुद्दा खरा आहे, हसण्यावारी नेऊ नका. पाणी गिट्टीच्या वर साचता कामा नये, दोन दिवसांत मुरलंच पाहिजे, नाहीतर डेंग्यूला आमंत्रण. तिसरं म्हणणं, पानगळ कोण झाडणार. यावर माझ्याकडे उत्तर आहे: मी. सोमवार ते शनिवार. लिहून देतो म्हटलं.

आणि हे फक्त आमच्यासारख्यांनी करून भागणार नाही हेही कळतं. सदरमध्येच बघा. कॅथेड्रलचं आवार, एसएफएसचं आवार, जरा पुढे कस्तुरचंद पार्कचं एवढं मोठं मैदान. ही सगळी अजून श्वास घेणारी जमीन आहे. त्या मैदानाच्या कडेने उतार देऊन आजूबाजूच्या रस्त्यांचं पाणी आत घेतलं तर? रस्त्याच्या दुभाजकात आपण माती उंच भरतो आणि पाणी खाली रस्त्यावर ठेवतो. दुभाजक रस्त्यापेक्षा खोलगट केला तर त्याच पैशात तो पाणी पिईल. नवा सिमेंट रस्ता करताना कडेला दोन फूट जाळीदार फरशी ठेवली तर? यातलं एकही काम अवघड इंजिनियरिंग नाही. फक्त रस्त्याचं टेंडर काढणारा, बागेचा माणूस आणि गटाराचा माणूस, तिघांनी एका नकाशावर बघायला हवं.

मी वॉर्डाच्या कार्यालयात अर्ज दिलाय, आमच्या गल्लीतल्या सहा झाडांभोवतीचं सिमेंट एक मीटर कापून द्या म्हणून. फोटो, लोकेशन, सगळं जोडलं. पोच मिळाली आहे. ती मी कव्हरमध्ये घालून ठेवली आहे.

तुमच्या इमारतीत असं काही झालं असेल, चांगलं किंवा फसलेलं, तर मला व्हॉइस नोट पाठवा. फसलेलं जास्त पाठवा. खड्डा खणून पाणी किती वेळात मुरलं तेही कळवा, कुठल्या भागात राहता ते लिहायला विसरू नका.

नऊपैकी चार घरं हो म्हणाली आहेत. तिघांचा नकार. एक घर भाड्याने आहे, मालक पुण्याला, फोन उचलत नाहीत. आणि नववं मत तळमजल्यावरच्या मावशींचं. काल मी त्यांच्याकडे कागद घेऊन गेलो, चराचं चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं. मग विचारलं, "कर्दळ लावता येईल का रे इथं? माझ्या माहेरी होती विहिरीपाशी." म्हटलं, येईल. हो की नाही ते मात्र बोलल्या नाहीत. चहा दिला.

रविवारी अकरा वाजता आहे मीटिंग. पुढच्या भागात सांगतो.